मंजुरी ते उपयोगिता प्रमाणपत्र: इंदूरच्या सेवासंस्थांनी अनुदानाचा कागद कसा सांभाळावा

"वृद्धाश्रमांच्या अनुदानात वाढ" असा मथळा छापून आला की संस्थेच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी विचारतंच, आपल्याला किती मिळणार आणि कधी? मथळ्यात या दोन्हींचं उत्तर नसतं. ते असतं नंतर निघणाऱ्या चार-पाच कागदांत. वृद्धाश्रम, धर्मादाय दवाखाना, दिव्यांग मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र यांपैकी काहीही चालवणाऱ्या व्यवस्थापकाला ते कागद एकमेकांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. इंदूरमधल्या मराठी संस्थांचं अनुदान अडतं ते योजना नसल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ते मंजुरीनंतरच्या कागदात अडतं.

कोणता कागद म्हणजे पैसा

मध्य प्रदेश शासनाच्या पत्रात "सैद्धांतिक सहमति" असे शब्द असले तर त्याचा अर्थ इतकाच की कल्पना मान्य आहे. "प्रशासकीय स्वीकृति" म्हणजे काम करायला शासन तयार आहे. "वित्तीय स्वीकृति"मध्ये रक्कम आणि लेखाशीर्ष येतं. आणि "आवंटन" म्हणजे त्या वर्षासाठी ती रक्कम जिल्हा कार्यालयाच्या हाती खरोखर दिली गेली. त्यानंतर देयक कोषालयात जातं, मग खात्यात पैसे. नवा फिजिओथेरपिस्ट नेमायचा, गाडी भाड्याने घ्यायची, असा कोणताही करार आवंटनाचं पत्र हाती येण्याआधी करू नका. सैद्धांतिक सहमतीच्या भरवशावर माणसं नेमली की पगाराचा बोजा संस्थेच्या गंगाजळीवर येतो आणि नंतर तो अनुदानातून वसूल करता येत नाही, कारण मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च सहसा ग्राह्य धरत नाहीत.

केंद्राच्या योजनांत हा प्रवास थोडा आखूड असतो. ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजना (२०२१ मध्ये हे नाव मिळालं, जुनी एकात्मिक ज्येष्ठ नागरिक योजना तिच्यातच आहे), दिव्यांगांसाठी दीनदयाल पुनर्वसन योजना आणि व्यसनमुक्ती केंद्रांसाठीचं अनुदान या सगळ्यांचे अर्ज सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ई-अनुदान पोर्टलवरून जातात. जिल्हा आणि राज्य पातळीवरची तपासणी झाली की मंत्रालयाचा मंजुरी आदेश निघतो. त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख लाल शाईने रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. वर्षभरानंतर उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे अनुदान कसं खर्च झालं हे सांगणाऱ्या कागदात, तोच क्रमांक जशाच्या तसा लागतो, आणि नेमका तेव्हाच तो सापडत नाही.

आदेश वाचण्याची पद्धत

पहिलं वाचायचं ते "संदर्भ". हा आदेश कोणत्या जुन्या आदेशात बदल करतोय हे तिथे असतं. जुना आदेश शेजारी ठेवल्याशिवाय नवा कळत नाही. मग अंमलाची तारीख: आदेशाची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळ्या असू शकतात. मग रक्कम आणि मद, म्हणजे ती कोणत्या प्रकारच्या खर्चासाठी आहे. शेवटी "प्रतिलिपि", म्हणजे प्रती कोणाकोणाला गेल्या. यादीत संयुक्त संचालक, सामाजिक न्याय असतील तर पुढचा पाठपुरावा त्यांच्या कार्यालयात. मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी, म्हणजे सीएमएचओ असतील तर तिकडे. ही यादी न वाचता माणूस भलत्याच दारी चकरा मारतो.

इथे मराठी माणसाला एक खास धोका आहे. शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ भलताच निघतो. "संशोधन आदेश" आला म्हणजे कोणी संशोधन केलेलं नाही, जुना आदेश दुरुस्त झाला आहे. "आपत्ति" म्हणजे संकट नव्हे, हरकत: "लेखा शाखा द्वारा आपत्ति ली गई" याचा अर्थ लेखा शाखेने शेरा मारला आहे आणि त्याचं उत्तर द्यायचं आहे. "अवकाश" म्हणजे सुट्टी किंवा रजा. "अनुशंसा" म्हणजे शिफारस, आणि शिफारस म्हणजे मंजुरी नाही. "शिक्षा" तर सगळ्यांना माहीतच आहे, तरी दिव्यांग शाळेच्या नव्या लिपिकाला "विशेष शिक्षा" वाचून एकदा दचकायला होतंच. उलट "पावती" आणि "आवक-जावक" हे शब्द इथल्या हिंदी कचेऱ्यांत आपल्याच अर्थाने चालतात. पावती मागायला लाजू नका. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक क्रमांक हाती असला की फाइल, म्हणजे इथल्या भाषेत "नस्ती", शोधता येते. नसला तर "मिळालंच नाही" या उत्तरापुढे काही चालत नाही. महिनाभरात हालचाल नसेल तर कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनवाई किंवा १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाईन आहे. पण तिथेही आधी आवक क्रमांकच विचारतात.

पायाचे कागद

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, पॅन आणि पीएफएमएसमधली (सरकारी निधी वाटपाच्या ऑनलाइन यंत्रणेतली) नोंदणी या तिन्हींत संस्थेचं नाव अक्षरशः एक हवं. पॅनवर "श्री"चं स्पेलिंग आयने आणि दर्पणवर दोन ईंनी असेल तर संगणकाच्या लेखी त्या दोन संस्था आहेत. बँक खात्याचं नावही तेच हवं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या हंगामाआधी करा.

दुसरी अडचण येते कार्यकारिणी बदलल्यावर. वार्षिक सभा झाली, नवे सचिव आले, पेढे वाटले, पण फर्म्स अँड सोसायटीच्या (संस्था नोंदणीच्या) कार्यालयात "धारा २७-२८"ची (कलम २७-२८ ची) माहिती, म्हणजे कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षित हिशेब, जमा केले नाहीत. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याने ते दरवर्षी द्यावे लागतात. ते थकले तर नव्या कार्यकारिणीची प्रमाणित यादी मिळत नाही, यादीशिवाय बँक सही बदलत नाही, आणि पीएफएमएसवर रक्कम मंजूर करणारी व्यक्ती जुने सचिवच राहतात. मग पैसा खात्यात असून काढता येत नाही. सभा झाली की त्याच महिन्यात क्रम असा ठेवा: ठरावाची प्रत, धारा २७ ची यादी, बँक, दर्पण, शेवटी पीएफएमएस. क्रम उलटा केला तर प्रत्येक ठिकाणाहून परत पाठवतात. सोसायटी नसून सार्वजनिक न्यास असेल तर १९५१ च्या न्यास कायद्याखाली निबंधक कलेक्टर असतात, आणि विश्वस्त बदलल्याची नोंद तिथे करायची असते.

पीएफएमएसच्या खर्च-नोंदणी विभागात दोन वेगळ्या व्यक्ती लागतात, नोंद करणारी आणि मंजूर करणारी. दोन्ही पासवर्ड एकाच माणसाच्या वहीत असणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. तो रजेवर गेला की मार्चअखेर हमखास गोंधळ होतो, आणि तपासणीत ते वाईटही दिसतं.

मद सांभाळणे

अनुदानाची रक्कम तीन डब्यांत येते असं समजा. सर्वसाधारण खर्चाचा डबा (उद्देशशीर्ष ३१), भांडवली मालमत्तेचा (३५) आणि पगाराचा (३६). मंजुरी आदेशात किती रक्कम कोणत्या डब्यातली हे लिहिलेलं असतं. एका डब्यातलं दुसऱ्यात टाकायला मंजुरी देणाऱ्या कार्यालयाची लेखी परवानगी लागते.

सर्वांत जास्त घोटाळा कपडे धुण्याच्या यंत्राचा होतो. तीस खाटांच्या आश्रमात रोज चादरी, कपडे, अंथरुणात ओलं करणाऱ्यांचे जास्तीचे जोड. हाताने धुऊन बाई थकतात. मग सर्वसाधारण डब्यातून २८,५०० रुपयांचं यंत्र येतं. गरज खरी, बिल खरं, वस्तू जागेवर. पण सीए ताळेबंदात ते स्थिर मालमत्तेत दाखवतो, कारण लेखाशास्त्रात ती मालमत्ताच आहे, आणि उपयोगिता प्रमाणपत्रात तीच रक्कम सर्वसाधारण खर्चात बसते. दोन्ही कागद एकाच पाकिटात मंत्रालयात जातात. तपासणारा माणूस दोन रकमा शेजारी ठेवतो आणि ती रक्कम अमान्य करतो. उपाय सोपा आहे: यंत्र देणगीतून घ्या, किंवा भांडवली मदीत प्रस्ताव द्या. अनुदानाच्या पैशातून आलेली मालमत्ता स्थिर मालमत्तेच्या नोंदवहीत (नमुना जीएफआर २२; जीएफआर म्हणजे केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) चढवा, वस्तूवर क्रमांक रंगवा. ती मोडीत काढायची किंवा विकायची तरी आधी शासनाची परवानगी लागते. गंजलेली खाट भंगारवाल्याला देण्याआधी हे आठवलेलं बरं.

संपणाऱ्या वस्तूंची नोंदवही वेगळी, नमुना जीएफआर २३. मोठ्यांचे डायपर, फिनाईल, औषधं, किराणा. प्रत्येक बिलाच्या मागे नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक लिहा. बिल संस्थेच्या नावाचं हवं. औषधाच्या दुकानात घाईत रुग्णाच्या नावाने बिल फाडलं जातं. ते संस्थेच्या खर्चात चालत नाही, तिथेच उभं राहून बदलून घ्या. आणि एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका. आयकराच्या हिशेबात तो खर्च धर्मादाय कामासाठी केलेला म्हणून धरला जात नाही. भाजीवाल्याची महिन्याची उधारी एकरकमी रोखीने भागवताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

उपयोगिता प्रमाणपत्र, आकड्यांसह

केंद्राच्या अनुदानाचं प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-अ नमुन्यात द्यायचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते द्यावं लागतं, पण ही कमाल मुदत झाली. पुढचा हप्ता त्याच्यावरच अडलेला असतो, तेव्हा जुलैपर्यंत पाठवणं शहाणपणाचं.

नमुन्यात सात आकडे लागतात: आधीची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, शासनाला परत केलेलं व्याज, वर्षात मिळालेलं अनुदान, एकूण उपलब्ध रक्कम, खर्च, अखेरची शिल्लक. एकूण उपलब्ध म्हणजे पहिला अधिक दुसरा, वजा तिसरा, अधिक चौथा.

उदाहरण घेऊ. १ एप्रिलला शिल्लक ४२,०००. वर्षभरात व्याज ९,१५०. अनुदान ८,००,०००. खर्च ७,९६,३००. सगळं व्याज परत केलं असेल तर उपलब्ध रक्कम ८,४२,००० आणि अखेरची शिल्लक ४५,७००. हिशेब सरळ आहे, पण प्रत्यक्षात तो असा बसत नाही, कारण बचत खात्यावरचं शेवटच्या तिमाहीचं व्याज ३१ मार्चच्या आसपास जमा होतं आणि संस्था ते एप्रिलमध्ये परत करते. समजा ते २,३५० आहे. मग ३१ मार्चपर्यंत परत गेलेलं व्याज ६,८००च. तिसऱ्या रकान्यात ६,८०० लिहा, ९,१५० नाही. उपलब्ध रक्कम ८,४४,३५० होईल आणि शिल्लक ४८,०५०. बँकेच्या पासबुकात ३१ मार्चला हीच रक्कम दिसेल, फक्त न वटलेले धनादेश वजा-अधिक करून. एप्रिलमध्ये परत केलेले २,३५० पुढच्या वर्षीच्या प्रमाणपत्रात येतील. प्रामाणिकपणे सगळं व्याज परत केलेल्या संस्थांची प्रमाणपत्रंही याच २,३५० च्या फरकाने परत येतात.

व्याज भारतकोष पोर्टलवरून भरायचं आणि चलनाची प्रत प्रमाणपत्राला जोडायची. संस्थेच्या इतर पैशांत अनुदान मिसळलं तर व्याज वेगळं काढताच येत नाही. म्हणून प्रत्येक योजनेला वेगळं खातं. मुदत ठेवीत अनुदान टाकू नका. व्याज तसंही आपलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आला तर घाईने खरेदी करण्याचा मोह होतो. चार दिवसांत वर्षाचा किराणा भरला की गोदामात अळ्या पडतात आणि लेखापरीक्षक बिलांच्या तारखा पाहून शेरा मारतो. त्यापेक्षा शिल्लक दाखवा आणि त्याच दिवशी ती पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागणारं पत्र पाठवा. परवानगी आली नाही तर ती शिल्लक पुढच्या हप्त्यातून वजा होते. संस्थेचं नुकसान होत नाही.

तपासणीच्या दिवशी

ज्येष्ठांच्या निवासाचं केंद्रीय अनुदान २५ गरजू ज्येष्ठांच्या हिशेबाने मिळतं (ज्येष्ठ महिलांसाठी ५० जणींचाही प्रकार आहे). तपासणीला माणसं मोजतात. त्या दिवशी २१ च हजर असतील तर चौघं कुठे आहेत हे कागदावर हवं. बाहेर जाण्या-येण्याची वेगळी वही ठेवा: गणपतीत दोघी मुलीकडे गेल्या, तारीख, नेणाऱ्याची सही, फोन, एक जण एमवाय रुग्णालयात भरती, भरतीच्या चिठ्ठीची झेरॉक्स चिकटवलेली. ही वही नसली की अनुपस्थित माणूस म्हणजे कागदावरचा माणूस, असा अर्थ निघतो.

गरजू असल्याचा पुरावा प्रत्येकाच्या फाइलीत हवा, दारिद्र्यरेषेचं कार्ड किंवा लोक सेवा केंद्रातून काढलेला उत्पन्नाचा दाखला. महाराष्ट्रातून इथे मुलांकडे आलेले आणि नंतर आश्रमात दाखल झालेले ज्येष्ठ इथे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेशचा रहिवासी ओळख क्रमांक, नसतो आणि राज्याच्या बहुतेक सेवा त्याच्यावर चालतात. दाखल करून घेतानाच आधारवरचा पत्ता बदलून समग्रची नोंद करून टाका. माणूस आजारी पडल्यावर हे काम होत नाही.

सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. आश्रमाच्या औषधपाण्याच्या खर्चात याने खरा फरक पडतो, म्हणून व्यवस्थापकाने सगळ्यांची कार्डं स्वतः काढून घ्यावीत. अडतं ते ओटीपीवर. आधारला जोडलेला मोबाईल पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या मुलाचा असतो, बोटांचे ठसे घासून गेलेले असतात. आयुष्मान ॲपमध्ये चेहरा ओळखण्याचा पर्याय आहे. खिडकीजवळ, उजेड समोरून येईल असं बसवून, चष्मा काढून केलं तर बहुतेकांचं जमतं. निवृत्त केंद्रीय कर्मचारी किंवा माजी सैनिक असतील तर त्यांना सीजीएचएस वा ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजना आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागतं. ते ठरवल्याशिवाय नोंदणी करू नका.

बाह्यरुग्ण तपासणी या कार्डावर होत नाही. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस धरले जातात, तेव्हा घरी सोडताना पंधरा दिवसांची औषधं रुग्णालयाकडूनच मागा. ती नाही दिली तर १४५५५ वर तक्रार नोंदवता येते.

संस्थेचं स्वतःचं रुग्णालय असेल तर योजनेत सामील व्हायचा विचार जरूर करा, पण सीएमएचओकडची उपचर्यागृह (नर्सिंग होम) नोंदणी, अग्निशमनाचा दाखला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र हे तिन्ही चालू मुदतीत असल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा असतो, तो बहुतेक जण विसरतात.

सरकारी रुग्णालयातल्या व्यवस्थापकांचं गणित वेगळं, रोगी कल्याण समितीचं. रुग्णांकडून घेतलेलं शुल्क कोषालयात न भरता रुग्णालयातच वापरण्याची ही पद्धत इंदूरच्या एमवाय रुग्णालयातूनच देशभर गेली. १९९४ च्या सुरतच्या प्लेगनंतर ते अवाढव्य रुग्णालय रिकामं करून उंदरांचा बंदोबस्त केला गेला, आणि मग ते तसंच राखायला पैसा कुठून आणायचा या प्रश्नातून समिती जन्मली. आज समितीच्या खर्चाला आधी ठराव आणि मग बिल लागतं. ठरावाच्या आधीच्या तारखेचं बिल लेखापरीक्षणात हमखास पकडलं जातं.

तारखा आणि नोंदण्या

देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत, नाहीतर देणगीदाराला आयकरातली ८०-जीची सूट मिळत नाही आणि तो फोन संस्थेला करतो. परदेशी देणगी घेणाऱ्यांनी वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येतो आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे.

धर्मादाय संस्थेची आयकर नोंदणी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी मिळाली असेल तर तिची मुदत ३१ मार्च २०२६ ची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. ज्यांचं उत्पन्न लागोपाठ दोन वर्षं ५ कोटींच्या आत आहे त्यांना आता दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, तेव्हा जुन्या फाइलीत पाहून फॉर्मचा क्रमांक लिहू नका, सीएला विचारा. आणि अनुदानाच्या अर्जाला जुन्या प्रमाणपत्राची प्रत जोडली नाही ना, हे पाठवण्याआधी उघडून पाहा. स्कॅन केलेल्या फाइलींत जुनी आणि नवी दोन्ही एकाच नावाने पडलेली असतात.